चार नणंदा आणि माझा ठो

“गंजलंय हो सगळं... आवाजाचं तर विचारूच नका... हो, रविवारीच या, हातगाडी घेऊन. पण बायकोसमोर आत्ता एक शब्द काढू नका, तिचा जीव आहे त्या गाडीत. आणि हे बघा, नाहीच जमलं तर मग सगळीच—”

इथे एक टेम्पो भोंगा वाजवत गेला आणि फोनवरचं उरलेलं वाक्य त्याच्या चाकाखाली सापडलं.

दुसऱ्याच्या घरातलं ऐकायची मला मुळीच हौस नाही. पण मला उभीच केलीय दुकानाच्या खिडकीखाली, त्याला मी काय करू? कानांत बोटं घालीन म्हटलं तर बोटंही नाहीत आणि कानही नाहीत. तरी ऐकू येतं, हीच तर माझी अडचण.

तर मी बोलतेय. मी, टेलरांच्या दारातली जुनी निळी गाडी. निळी म्हणजे छपराकडून निळी. खालून माझा रंग कोणता हे सांगायला आता जाणकार बोलवावा लागेल. वय एकतीस. दारं चार, त्यातली तीन उघडतात. चौथं कुणीतरी आतून ओढायचं आणि कुणीतरी बाहेरून लाथ घालायची, मग उघडतं. पण त्यासाठी दोघांचं एकमेकांशी पटलेलं असावं लागतं.

माझे पहिले मालक डोळ्यांचे डॉक्टर. ते मला इतकं हळू चालवायचे, की एकदा मागून आलेल्या सायकलवाल्यानं काचेवर टकटक करून विचारलं होतं, “डॉक्टर, ढकलू का?” दुसरे मालक बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्यांना माझ्यातला फक्त हॉर्न आवडायचा. त्यांच्यानंतर चार वर्षं मी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली काढली. तिथे एका मांजरीनं माझ्या मागच्या सीटवर दोनदा पिल्लं घातली आणि सीटमधला स्पंज उपसून त्यांना गादी केली. माझी तक्रार नाही. रिकाम्या घरापेक्षा बाळंतिणीचं घर बरं.

मग बाई आल्या.

बाई म्हणजे टेलरांच्या बायको. टेलर कपडे शिवतात. बाई पडदे शिवतात आणि लोकांच्या घरी जाऊन टांगून देतात. पूर्वी त्या टेलरांच्या स्कूटरवर मागे बसून जायच्या. मांडीवर पडद्यांचं गाठोडं, काखेत सहा फुटी दांडी, आणि प्रत्येक वळणावर “सांभाळा हो, दांडी आहे, दांडी!” अशी आरोळी. टेलर गिऱ्हाइकात अडकले की बाईंचं काम खोळंबायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईंनी ती ताडपत्री उचलली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “हिला मी चालवणार.”

टेलर हसले. पुढच्या महिन्यात बाईंनी मला दुकानाच्या भिंतीवर नेऊन घातलं, तेव्हाही हसले. त्याच्या पुढच्या महिन्यात बाई एकट्याच्या एकट्या गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, अकरा खिडक्यांचे पडदे टांगून जेवणाच्या वेळेला घरी आल्या, तेव्हा मात्र टेलर हसले नाहीत. उठून चहा टाकला.

याला सहा वर्षं झाली. म्हणून म्हणते, मी भंगारात गेले तर माझं काय व्हायचं ते होईल, लोखंडच मी. पण बाई परत स्कूटरच्या मागे जातील. दांडी अजूनही त्यांना पेलेल हो. मागे बसणं पेलणार नाही.

आता माझ्या ठोचं सांगते.

तीन आठवड्यांपूर्वी टेलरांच्या डोक्यात आलं की माझे प्लग साफ करावेत. माणसाला नसता उद्योग सुचतो तो नेहमी जेवणानंतर. माझ्या इंजिनाला चार प्लग. एका काळ्या टोपीतून चार वायरी निघतात आणि एकेका प्लगला एकेक जाते. वायरीतून ठिणगी आली की पेट्रोल पेटतं, आणि ते ठरलेल्या क्रमानं पेटावं लागतं. चौघींच्या पाळ्या लागलेल्या असतात. पाळी चुकली की घोटाळा.

हे टेलरांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वायरी काढण्याआधी प्रत्येकीला कापडाची पट्टी शिवली. हो, शिवली. चिकटपट्टीवर त्यांचा विश्वास नाही. आणि त्या पट्ट्यांवर काय लिहावं? एक, दोन, तीन, चार लिहिलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण टेलरांनी जन्मात कधी कशावर आकडा लिहिलेला नाही. दुकानात टांगलेल्या कपड्यांवरही ते नाव-नंबर लिहीत नाहीत, माणसाची खूण लिहितात. ‘ढेरी’. ‘एक खांदा खाली’. ‘घाईवाले’. ‘बसल्यावर तक्रार’. एकदा ढेरीवाल्या गिऱ्हाइकानं आपली पँट स्वतःच हुकावरून काढली आणि चिठ्ठी वाचली. ते गिऱ्हाईक गेलं, सवय राहिली.

टेलरांना चार मोठ्या बहिणी. चार वायरी, चार बहिणी. त्यांनी खडूनं नाही, पक्क्या शाईनं लिहिलं: ‘थोरली’, ‘बडबडी’, ‘घुमी’, ‘धाकटी’. ही नावं नवरा-बायकोची घरातल्या घरातली. बहिणींना त्याचा पत्ता नाही. तोंडावर थोरली ती ताई, बडबडी ती अक्का, घुमी ती माई, आणि धाकटी नुसती धाकटी.

प्लग पुसून जागेवर बसवले, तेवढ्यात दुकानात कुणीतरी कोट घेऊन आलं आणि टेलर आत गेले. इकडे बाईंना पडदे पोचवायचे होते. त्यांनी पाहिलं, वायरी लोंबकळतायत, पट्ट्यांवर नणंदा. त्यात काय अवघड? वयानं लावायच्या. थोरली पहिली, धाकटी चौथी. उरल्या मधल्या दोघी.

आता मधल्या दोघी जुळ्या.

टेलर लहानपणापासून ऐकत आले की जुळ्यांत बडबडी मोठी, घुमी लहान. सगळं घर तेच म्हणतं. बाईंना मात्र सासूबाईंनी एकदा लोकर गुंडाळता गुंडाळता सांगितलं होतं, की खरं म्हणजे घुमी आधीची. बाईंनी ते मनात ठेवलं होतं. त्यांनी दुसऱ्या प्लगवर घुमी बसवली, तिसऱ्यावर बडबडी. वायरींची लांबीही सारखी, जुळ्याच त्या. किल्ली फिरवली.

ठो!

त्या दिवसापासून माझं अर्धं इंजिन चालतंय. एक आणि चार राबतात. दोन आणि तीन नको त्या वेळी ठिणगी खातात आणि न जळलेलं पेट्रोल तसंच मागे सायलेन्सरमध्ये ढकलतात. सायलेन्सर तापलेला. तिथे ते भडकतं. आणि मग जे होतं त्याला साऱ्या गल्लीनं नावं ठेवली. वरच्या मजल्यावरचे आजोबा दर वेळी खिडकी उघडून “कोण आहे?” असं विचारतात. कुणी नसतं, मीच असते.

मला सगळं कळत होतं हो. पण सांगू कोणत्या तोंडानं? माझं तोंड मागच्या बाजूला, आणि त्याला एकच शब्द येतो.

नवरा-बायकोनं एकमेकांना विचारलं का? विचारलं.

“वायरी नीट लावल्यास ना गं?”

“अहो, तुमच्याच पट्ट्या. वयानं लावल्या.”

“मग बरोबर आहे.”

झालं, विषय संपला. दोघंही खरंच बोलत होते, त्यामुळे चूक सापडायची वाटच बंद झाली.

मग गल्लीतल्या लोकांनी निदान सुरू केलं. माणसाला स्वतःचं दुखणं कळत नाही, पण दुसऱ्याच्या गाडीचं बरोबर कळतं. पेपरवाला म्हणाला पेट्रोलात पाणी आहे. बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या इंजिनात उंदीर गेला असेल, त्यांच्या मेहुण्याच्या गाडीत गेला होता. वरच्या आजोबांनी खाली येऊन माझ्या टायरला काठी मारली आणि म्हणाले, “वय.” बास, एवढंच. मला फार लागलं ते.

टेलरांनी खाली वाकून पाहिलं आणि त्यांना सायलेन्सरला पडलेलं भोक दिसलं. चांगलं अंगठा जाईल एवढं. त्यांना वाटलं, सापडलं! भोकामुळे आवाज. अहो, आवाजामुळे भोक! पण कार्य आणि कारण यांची गल्लत फक्त टेलरच करतात असं नाही. माणसं नेहमीच उलटं पाहतात. एखादा चिडका का झाला हे कुणी विचारत नाही, चिडका आहे एवढंच सांगतात.

मग गुरुवारी दुपारी टेलरांचा तो फोन झाला, तुम्ही वर वाचला तो. माझी बॅटरी बसली म्हणा ना. हातगाडी! म्हणजे भंगारवाला! आणि ‘सगळीच’ म्हणजे कोण? त्या घरात गंजलेली आणि आवाज करणारी मी एकटीच. घुमी येतात तेव्हा घर शांत असतं, बडबडी येतात तेव्हा आवाज असतो, पण गंज कुणालाच नाही.

शुक्रवार-शनिवार मी अंग आवरून काढले. बाई चार ठिकाणी पडदे टांगायला गेल्या, मी त्यांना घेऊन गेले. चढावर धाप लागत होती, तरी दात-ओठ खाऊन चढले. तीन वेळा ठो झाला. दर वेळी बाई माझ्या स्टिअरिंगवर हात फिरवून म्हणाल्या, “असू दे गं.” मी मनात म्हटलं, बाई, रविवारी काय होणार आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि मला अर्धंच माहीत आहे.

रविवार उजाडला. त्या दिवशी चारही नणंदा येणार होत्या, भावाच्या घरी दोन दिवस राहायला. बाई मला घेऊन बसस्टँडवर गेल्या.

चौघी एका ओळीत उभ्या होत्या. थोरली, काठी आणि मोठी पर्स. बडबडी, तिचं तोंड आधीच चालू होतं. घुमी, तिच्या हातात सगळ्यांच्या पिशव्या. धाकटी, वय पन्नासच्या पुढे, पण अजूनही कुणीतरी पिशवी धरेल या भरवशावर मोकळ्या हातानं.

“वहिनी, किती वाळलीस! बाळ जेवायला घालत नाही का?” बडबडीनं विचारलं. बाळ म्हणजे टेलर. वय बावन्न.

“मीच घालते त्यांना, अक्का.”

“तेच म्हणते मी. आणि ही तीच गाडी का गं? मागच्या वेळी हिची काच खाली जात नव्हती. आता वर येत नाहीये का? म्हणजे सुधारणा आहे. ताई, तू पुढे बस, तुझे गुडघे. मी खिडकीशी बसते, मला मळमळतं. धाकटी त्या खिडकीशी. माई, तू मधे जा.”

घुमी मधे गेली. मी सहा वर्षं त्यांना ने-आण करतेय, घुमी नेहमी मधेच बसते. मधे सीटला स्पंज नाही, मांजरीची कृपा. तिनं कधी चकार शब्द काढला नाही.

पाच जणींचं वजन आणि अर्धं इंजिन. सपाट रस्त्यावर मी कसंबसं ओढलं. पण घराच्या आधी चढ आहे. बाईंनी गिअर खाली टाकला. मी थरथरू लागले. बडबडी म्हणत होती, “मी सांगते ना वहिनी, जुनी गाडी म्हणजे जुना नवरा, तिला नुसतं चुचकारून—”

ठो!

“अगं बाई!” थोरलीची पर्स बाईंच्या मांडीवर.

“बंदूक!” धाकटी सीटखाली.

“कोण आहे?” वरची खिडकी.

आणि फाटकाशी पोचता पोचता अखेरचा, सगळ्यात मोठा ठो. खाली काहीतरी निखळलं आणि खणखणत रस्त्यावर घरंगळलं. माझा सायलेन्सर. तो थेट एका हातगाडीच्या चाकाला जाऊन थडकला.

हातगाडीवर भंगारवाले पाय हलवत बसले होते. त्यांनी खाली पाहिलं, सायलेन्सर उचलून हातानंच तोलला आणि म्हणाले, “अकरा किलो. हा आला. बाकीची?”

बाई खाली उतरल्या. “बाकीची म्हणजे?”

दारात टेलर, आणि त्यांच्या शेजारी गॅरेजवाले मिस्त्री, काखेत नवा कोरा सायलेन्सर. टेलरांचा चेहरा अगदी ‘बसल्यावर तक्रार’.

“अहो, बाकीची म्हणजे काय?”

“अगं, तुला चकित करायचं होतं. नवा सायलेन्सर बसवायचा, जुना यांनी न्यायचा.”

“आणि बाकीची?”

टेलरांनी चष्मा पुसला. “नव्या सायलेन्सरनंही आवाज गेला नाही, तर... सगळीच. म्हणजे फक्त विचार. गल्लीतले लोक बोलतात गं. आणि तू रोज त्या चढावर... मला दुकानात ऐकू येतो तो ठो. दर वेळी वाटतं, झालं काहीतरी.”

बाई म्हणाल्या, “आणि मी परत स्कूटरच्या मागे?”

टेलर म्हणाले, “मी हळू चालवीन.”

“हळू-जोरात नाही हो. मागे!”

मला पुढचं धूसर दिसू लागलं. वायपरही चालत नाहीत माझे.

भंगारवाले म्हणाले, “माझी घाई नाही. अकरा किलो तर अकरा, आठशे तर आठशे. मी बसतो.” आणि खरंच बसले.

मिस्त्रींनी इतका वेळ फक्त भोक न्याहाळलं होतं. आमचे मिस्त्री कमी बोलतात, बोलले की शब्द पान्ह्यासारखे पुसून बोलतात. ते म्हणाले, “टेलर, हे आतून फुटलंय. नवा बसवला तरी महिन्यात फोडील. खोकला छातीत आहे, तुम्ही मफलर बदलताय. बॉनेट उघडा.”

“नको!” टेलर किंचाळले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“म्हणजे आधी चहा घेऊ. ताई दमली असेल. आत चला सगळ्या. बॉनेट काय, नंतर—”

बाईंना एकदम आठवलं. पट्ट्या! त्याही म्हणाल्या, “हो हो, चहा! अक्का, आत चला ना.”

चार नणंदांना एका वेळी चहाचा इतका आग्रह यापूर्वी कधी झाला नव्हता. त्यामुळे एकही हलली नाही.

“का रे बाळ,” थोरली काठी टेकवत म्हणाली, “काय लपवलंयस त्यात?”

टेलरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हातगाडीकडे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. एका पारड्यात नणंदांचा राग, दुसऱ्यात मी. बाई पुढे आल्या आणि स्वतःच्या हातानं बॉनेट उघडलं.

“बघा मिस्त्री. काय बघायचं ते बघा.”

मिस्त्रींनी इंजिन चालू करायला सांगितलं. सायलेन्सर नव्हता, त्यामुळे मी काय ओरडले म्हणता! मग त्यांनी हाताला जाड फडकं गुंडाळलं आणि एकेक वायर उपटून पाहायला लागले. पहिली काढली, मी लटपटले. लावली. चौथी काढली, पुन्हा लटपटले. लावली. दुसरी काढली, मला काही फरक नाही. तिसरी काढली, काही फरक नाही.

“बंद करा,” मिस्त्री म्हणाले. “दोन आणि तीन कामाला नाहीत. काढा नाहीतर ठेवा, सारखंच. पण ठिणगी दोघींत आहे. म्हणजे आजारी नाहीत, चुकीच्या वेळी येतायत. या दोघींच्या जागा कुणीतरी बदलल्यात.” ते खाली वाकले. “पट्ट्या आहेत की. शाबास टेलर. काय लिहिलंय? थोरली... घुमी... बडबडी... धाकटी.” त्यांनी मान वर केली. “बडबडी कोण?”

टेलर एक पाऊल मागे सरले.

“बडबडी?” बडबडी म्हणाली. “बडबडी कुणाला म्हणतात हो? मी तर विचारतेय सरळ, बडबडी म्हणजे कोण, कारण आम्ही चौघी आहोत, वायरी चार आहेत, थोरली ही ताई हे तर आंधळ्यालाही कळेल, धाकटी ती धाकटी, मग बडबडी आणि घुमी यांत बडबडी कोण, एवढंच मला कुणीतरी—”

उत्तराची गरजच उरली नव्हती.

“बाळ!” थोरली गरजली. बावन्न वर्षांचे टेलर माझ्या डाव्या दिव्याआड झाले.

“ताई, मी प्रेमानं लिहिलं गं. वयानं लिहिलं. पहिली तू, दुसरी अक्का—”

“अहो, दुसऱ्या माई!” बाई म्हणाल्या.

“दुसरी अक्का!”

“माई! सासूबाईंनी मला स्वतः सांगितलंय.”

“थांबा, थांबा,” मिस्त्री म्हणाले. “म्हणजे यांनी काढल्या एका वयानं आणि वहिनींनी लावल्या दुसऱ्या वयानं?” त्यांनी फडकं खाली ठेवलं. “चाळीस वर्षं धंद्यात आहे. टोपीला तडा गेलेला पाहिला, वायर चिरलेली पाहिली, कार्बोरेटरमध्ये गांधीलमाशीचं घर पाहिलं. हे नव्हतं पाहिलं.”

“मोठी मीच आहे!” बडबडी म्हणाली. “बाबांच्या वहीत लिहिलंय!”

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तेव्हा जन्मलेली आणि जागी असलेली ती एकटीच.

थोरली माझ्या बंपरवर बसली. “मी सहा वर्षांची होते,” ती म्हणाली. “दाराच्या फटीतून पाहत होते. आधी आली ती रडलीच नाही. नुसती टकमक बघत होती. नर्सनं तिला बाजूला ठेवलं, आईचं बघायला वळली. मग दुसरी आली, ती बाहेर यायच्या आधीपासूनच ओरडत. बाहेर बाबांनी ते ऐकलं आणि वहीत वेळ लिहिली. मग नर्स म्हणाली, अहो, अजून एक आहे. तर सगळ्यांना वाटलं, ही मागून आली.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” धाकटी म्हणाली.

“मला कुणी विचारलं?”

बडबडी घुमीकडे वळली. “माई... तुला हे माहीत होतं?”

“हो,” घुमी म्हणाली. “आईनं मलाही सांगितलं होतं.”

“मग एकदा तरी बोलायचंस!”

घुमीनं पिशव्या खाली ठेवल्या. “तू कधी थांबलीस?”

पहिल्यांदा हसले ते भंगारवाले. हातगाडीच हलायला लागली. मग थोरली, मग धाकटी, मग बाई, आणि शेवटी बडबडीही, डोळे पुसत, म्हणत, “हसा, हसा, बडबडीला हसा.”

मिस्त्रींनी दोन वायरींची अदलाबदल केली. दुसऱ्या जागी बडबडी, तिसऱ्या जागी घुमी.

“बघा!” बडबडी लगेच म्हणाली. “इंजिन काय म्हणतंय? दुसरी मीच!”

“इंजिनाला बहिणी नसतात, अक्का,” मिस्त्री म्हणाले. “त्याला फक्त ज्याची जागा त्याला हवी.”

बाईंनी गळ्यातली कात्री काढली, त्या दोन पट्ट्या उसवल्या आणि टेलरांच्या हातात सुई-दोरा दिला. वायरी राहिल्या तिथेच, पट्ट्या बदलल्या. दुसरीवर घुमी, तिसरीवर बडबडी. आणि खाली, टेलरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, आकडे. १, २, ३, ४.

मग मिस्त्रींनी नवा सायलेन्सर बसवला. तासभर गेला. चहा खरंच झाला. भंगारवाल्यांनाही कप मिळाला. ते आपल्या जागेवरून माझ्याकडे बघत चहा पीत होते, जसा वरपक्षाचा माणूस जेवणाची वाट बघतो तसे.

“मारा किल्ली,” मिस्त्री म्हणाले.

बाई आत बसल्या. त्यांनी लगेच किल्ली फिरवली नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून नुसत्या बसल्या. टेलर दुकानाच्या पायरीवर, दोन्ही हात कानांवर. मलाही भीती होती. तीन आठवड्यांत मी माझा स्वतःचा आवाज विसरले होते.

बाईंनी किल्ली फिरवली.

मी सुरू झाले. चौघीच्या चौघी आपापल्या पाळीला आल्या आणि गेल्या. बाईंनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला. दाबला, सोडला. बाहेर पडला तो नुसता श्वास.

“अकरा किलो, तर,” भंगारवाले म्हणाले आणि कप पायरीवर ठेवून उठले. सायलेन्सर घेऊन गेले. जाताना मात्र माझ्या वायपरखाली आपलं कार्ड खोचून गेले. म्हणाले, “असू दे. ओळख असावी.” म्हणजे त्या फोनमधली हातगाडी खरी होती, रविवार खरा होता, गंजही खराच होता. ‘सगळीच’ तेवढं खोटं ठरलं. निदान या रविवारी.

बॉनेट मिटण्याआधी घुमी पुढे आली. तिनं काळ्या टोपीच्या मधोमध बोट ठेवलं. “ही पाचवी कसली?”

“ती?” मिस्त्री म्हणाले. “करंट तिच्यातून येतो. टोपीत येतो आणि मग चौघींना वाटला जातो. ही निघाली तर चौघी गप्प.”

घुमीनं टेलरांकडून एक कोरी पट्टी मागून घेतली, स्वतः काहीतरी लिहिलं आणि स्वतःच टाके घातले. बाईंनी वाकून वाचलं. ‘वहिनी’ लिहिलं होतं. बाई एकदम पान्हे गोळा करायला लागल्या. पान्हे मिस्त्रींचे होते, तरी गोळा केले.

“आणि मी?” टेलर म्हणाले. “माझी वायर कुठली?”

“तू हॉर्न,” थोरली म्हणाली.

तर वाचकहो, आज माझी स्थिती ही अशी. छपराकडून निळी, दारं तीन, पोटात पाच बायका. तुमच्या दारातली जुनी गाडी असा ठो करायला लागली तर तिच्या टायरला काठी मारून ‘वय’ म्हणू नका. आधी आठवा, शेवटचा हात कुणी लावला होता. जो म्हणेल ‘मी बरोबर लावलंय’, त्याच्यापासून सुरुवात करा. आणि दोघं म्हणाले तर दोघांना एकाच वेळी समोर उभं करा. लोखंडाचं दुखणं बऱ्याचदा लोखंडात नसतं, पण आम्हाला ते दाखवून देता येत नाही.

आता रजा द्या. बाई किल्ली घेऊन निघाल्यात, नणंदांना परत बसस्टँडवर सोडायचंय. थोरलीनं आपण होऊन मागे बसायचं कबूल केलंय, गुडघ्यांसकट. पुढच्या सीटवर घुमी बसलीय. बडबडी मागे मधे, स्पंज नसलेल्या जागेवर. ती काहीतरी बोलायला तोंड उघडते, पुढे घुमीच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघते आणि मिटते. असं करत दोन चौक गेले. तिसऱ्या चौकात घुमी मागे न वळता म्हणाली,

“बोल गं. फार शांत वाटतंय.”